‘झडपेत फुगा घातला’ : तळटीप

* जामनेरच्या आजींच्या ‘झडपेत मुंबईला फुगा घातला’, असे मूळ लेखात लेखक म्हणतात आणि पुढे तिलाच ‘नकली झडप’ म्हणतात. ही दोन्ही विधाने जुळत नाहीत. फुगा बहुधा आजींच्या हृदयातल्या स्वतःच्या मायट्रल झडपेत घातला असावा. लहानपणीच्या संधिवाती तापाने या झडपेच्या पाकळ्या कडांशी चिकटतात. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेऊन फुगा फुगवला की त्या सुटतात, छाती उघडावी लागत नाही. जपानी शल्यविशारद कांजी इनोवे यांनी 1984 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

कृत्रिम झडपेचे गणित वेगळे. प्राण्याच्या ऊतींची झडप चुना साचून अरुंद झाली, तर नुसत्या फुग्याने मिळणारा आराम अल्पकाळचा. शिवाय पाकळी फाटण्याची, कण मेंदूकडे जाण्याची भीती. म्हणून निवडक रुग्णांत जुन्या झडपेतच नवी बसवतात. तिरुवनंतपुरमच्या ‘चित्रा’सारख्या तबकडीच्या यांत्रिक झडपेत गुठळी अडकली, तर फुगा कुचकामी, गुठळी विरघळवणारे औषध किंवा शस्त्रक्रियाच. लेखात आजी घेतात ती रक्त पातळ करणारी गोळीही नकली झडपेचा पुरावा नव्हे. ठोके अनियमित असले तरी ती देतात. तबकडीची झडप असलेल्या वाचकांनी मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

— संपादक