आडवाटेवर चालवण्यासाठी पिकअप कशी निवडावी?

पाणंद रस्ता, मुरमाची चढण, पावसाळ्यात वाहणारा ओढा किंवा दगडगोट्यांची डोंगरवाट अशा ठिकाणी नेहमी जायचे असेल, तर पिकअप घेताना ताकदीच्या आकड्यापेक्षा गाडीची बांधणी आधी पाहावी. गाव किंवा गॅरेज मैलोगणती दूर असताना गाडी बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते, तो जिवाचा प्रश्नही होऊ शकतो.

सांगाडा आणि मागचा अॅक्सल

बहुतेक पिकअपना शिडीसारखा पोलादी सांगाडा, म्हणजे लॅडर फ्रेम असते. खड्ड्यातून जाताना बसणारा पीळ ती सहन करते. मागे बहुधा पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. ते ओझे चांगले पेलतात, मात्र रिकामी गाडी उसळते.

फोर बाय फोर म्हणजे काय?

टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये इंजिनची ताकद सहसा फक्त मागच्या चाकांना मिळते. फोर बाय फोरमध्ये ती चारही चाकांना मिळते. त्यासोबत 'लो रेंज' गिअर आहे का, हे जरूर विचारावे. त्यात वेग घटतो, पण चाकांवरचा जोर साधारण अडीच पटीने वाढतो. तीव्र उतारावर इंजिनच गाडीला रोखून धरते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत.

एक चाक हवेत किंवा चिखलात फिरू लागले की साधा डिफरन्शियल बरीचशी ताकद त्याच चाकाकडे वाया घालवतो. डिफ लॉक दोन्ही चाके एकत्र फिरवतो. मात्र पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि गिअरवर ताण येतो.

ओढा ओलांडताना

प्रत्येक गाडीची पाण्यातून जाण्याची मर्यादा ठरलेली असते. टोयोटा हायलक्ससाठी कंपनी 700 मिलिमीटर सांगते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. वाहत्या पाण्याची खोली कळत नसेल तर थांबावे. जोराचा प्रवाह मर्यादेपेक्षा कमी खोलीतही गाडी वाहून नेऊ शकतो.

भारतातील पर्याय

महिंद्रा बोलेरो कॅम्परचा फोर बाय फोर प्रकार साधा असून त्याचे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सहज भेटतात. इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये भारतात आलेली हायलक्स (2.8 लिटर डिझेल, 204 अश्वशक्ती) अधिक ताकदवान आणि आरामदायी आहेत, पण महागही. बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी कायम कमी वेगात, थोड्याच अंतरावर चालवली तर ती तुंबते, म्हणून अधूनमधून मोठ्या रस्त्यावर लांब फेरी मारावी.

जुनी गाडी घेताना

सांगाड्याचे जोड गंजले आहेत का, हे खालून पाहावे. कोकणच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत हे विशेष तपासावे. अॅक्सलमधले तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. लो रेंज आणि डिफ लॉक मातीच्या रस्त्यावर प्रत्यक्ष लावून बघावेत.

शेवटी, सर्वसाधारण टायरऐवजी ऑल-टेरेन टायर, पूर्ण आकाराचे स्टेपनी आणि टो स्ट्रॅप यांसाठी पैसे राखून ठेवावेत. जवळचे सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, याचे उत्तर गाडीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे असते.