एक लिटर तेलाचे वजन किती?

किराणा दुकानात तेलाचे दोन डबे शेजारी असतात : एक १५ किलोंचा, दुसरा १५ लिटरचा. दुसरा स्वस्त वाटतो. पण किलो हे वस्तुमानाचे (व्यवहारातील वजनाचे) एकक, तर लिटर आकारमानाचे. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते, खाद्यतेल मात्र सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोंहून जेमतेम अधिक. त्यात तेल तापले की प्रसरण पावते. वस्तुमान तेच राहते, घनता घटते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम असते, ६० अंशांना सुमारे ८९३. काही उत्पादक वेष्टनावर ६० अंशांचे आकारमान छापत. त्यामुळे तापमानाचा उल्लेख टाळून आकारमानासोबत वजनही छापावे, असा निर्देश केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिला.