एचएल-६० : काचपात्रात जगलेल्या पेशी

१/ रक्ताचा कर्करोग म्हणजे अपक्व रक्तपेशींची बेसुमार वाढ. मात्र शरीरात कशालाही न जुमानणाऱ्या याच पेशी रुग्णाच्या रक्तातून काढून काचपात्रात ठेवल्या, की बहुतेक वेळा लवकरच मरतात. पेशी जगतच नसतील, तर त्यांच्यावर औषध तपासायचे कसे?

२/ १९७७ साली एक अपवाद जगापुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन कॉलिन्स, रॉबर्ट गॅलो आणि रॉबर्ट गॅलॅघर यांनी ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या रक्तातील पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढवल्या होत्या. या पेशीवंशाचे नाव एचएल-६०.

३/ त्या स्त्रीचे निदान होते प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. या रोगात पांढऱ्या पेशी प्रौढ होण्याआधीच एका टप्प्यावर अडकतात. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि अनेक रुग्ण रक्तस्रावाने दगावत असत.

४/ १९८० मध्ये थिओडोर ब्राइटमन व सहकाऱ्यांनी एचएल-६० पेशींना रेटिनॉइक आम्ल दिले. हे आम्ल अ जीवनसत्त्वापासून तयार होते. त्याने पेशी मेल्या नाहीत, तर प्रौढ झाल्या. आणि प्रौढ पेशी पुढे विभागत नाही. कर्करोगाच्या पेशीला ठार न करता तिला वळणावर आणता येते, ही कल्पना आता प्रत्यक्ष दिसत होती.

५/ पण एका पेशीवंशावरून सर्व रुग्णांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून ब्राइटमन यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या ताज्या पेशी काचपात्रात ठेवून तोच प्रयोग केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर नेमके होते : प्रोमायलोसायटिक रुग्णांच्या पेशी प्रौढ होतात, इतर प्रकारांच्या नाहीत.

६/ शांघायमध्ये वांग झेनयी यांच्या गटाने हे औषध रुग्णांना दिले. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वांच्या रक्तातून रोगाची चिन्हे नाहीशी झाली होती. काहींचा आजार पुढे उलटला, तरी मार्ग सापडला होता. पुढे केमोथेरपी आणि नंतर आर्सेनिकची जोड मिळाल्यावर या प्रकारातील बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले.

७/ त्याच १९८८ साली आणखी एक शोधनिबंध आला. मूळ नमुन्यांच्या फेरतपासणीत दिसले, की एचएल-६० ज्या स्त्रीच्या पेशींतून आला, तिचा रोग प्रोमायलोसायटिक नव्हताच. तो ल्युकेमियाचा दुसरा प्रकार होता.

८/ म्हणजे दिशा दाखवली ती चुकीच्या निदानातून आलेल्या पेशींनी. ती दिशा नेमकी कोणत्या रुग्णांसाठी आहे, हे मात्र ठरवले १९८१ मधील त्या ताज्या, फार काळ न टिकणाऱ्या पेशींनी.