बुडविलेला तरी उरलेला चित्रपट

आयरिश ग्रंथकार ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही भयकथा १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. १९१२ सालीं ते निवर्तल्यावर ग्रंथाचे हक्क त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांजकडे आले.

पुढें १९२१ सालीं जर्मनींत ‘प्राना-फिल्म’ ही कंपनी निघाली. तिनें ही कथा पडद्यावर आणण्याचें ठरविलें, पण हक्क मात्र विकत घेतले नाहींत. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला, इंग्लंडच्या जागीं विस्बोर्ग हें कल्पित जर्मन नगर आलें आणि चित्रपटास ‘नॉस्फेराटू’ हें नांव मिळालें. वस्त्रें बदललीं, तरी देह तोच राहिला. शिवाय कथा स्टोकरच्या ग्रंथावरून घेतल्याची कबुली आरंभींच्या अक्षरपट्टींत होतीच! ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या दालनांत तो दाखविला गेला.

मात्र ही चोरी कुशल हातांची होती. दिग्दर्शक मुर्नाव यांनीं सगळा भर रंगविलेल्या पडद्यांवर न ठेवतां विस्मार बंदरांतील जुनीं घरें आणि स्लोवाकियांतील ओरावाचा किल्ला चित्रित केला. माक्स श्रेक या नटाची कृश आकृति, लांब नखें व जिन्यावरून चढणारी सावली, एवढ्यानेंच प्रेक्षकांचा थरकांप उडे. कादंबरींतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्याही हिंडतो. सूर्यकिरणांनीं पिशाचाचा अंत व्हावा, ही कल्पना या चित्रपटानेंच रूढ केली.

फ्लॉरेन्सबाईंनीं ब्रिटिश ग्रंथकारसंघाच्या साहाय्यानें दावा लावला. तोंवर कंपनीचें दिवाळें वाजलें होतें. पैशाची आशा उरली नाहीं. तेव्हां बाईंनीं चित्रपटच नष्ट करण्याची मागणी केली व १९२५ सालीं जर्मन न्यायालयानें ती मान्य केली. पण कांहीं प्रती आधींच परदेशीं गेल्या होत्या. त्यांवरून चित्रपट पुन्हां उभा राहिला.

न्याय निःसंशय बाईंच्या बाजूस होता. लेखकाच्या वारसांस डावलून कोणीही त्याच्या श्रमाचें पीक कापूं नये. १९३० सालीं अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीनें तेच हक्क रीतसर विकत घेतले. परंतु न्यायालयाच्या हुकुमाची तंतोतंत अंमलबजावणी झाली असती, तर मूकपटांच्या काळांतील एक श्रेष्ठ कलाकृति जगाला कायमची अंतरली असती. अपराध्यास शासन व्हावें हें योग्यच; पण त्याच्या हातून घडलेली सुंदर वस्तूही जाळावी काय, हा प्रश्न त्या निकालानें मिटला नाहीं.