भागीदारीचें दार

वकिलांच्या पेढींत नोकरीस लागणें निराळें आणि तिचा भागीदार होणें निराळें. नोकरास वेतन मिळतें. भागीदार हा नफ्यातोट्याचा वांटेकरी व कारभाराचा एक धनी होतो. तेव्हां भागीदार कोणास करावें हा ज्या त्या पेढीच्या घरचा प्रश्न, त्यांत सरकारनें पडूं नये, असा वकीलवर्गाचा फार दिवसांचा समज होता. हा समज अमेरिकेंत कसा डळमळला, तें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तेथील पुष्कळ पेढ्यांची रीत अशी कीं, हुशार पदवीधरास सहायक म्हणून घ्यावें, कांहीं वर्षें कसोटीस लावावें, आणि मग एक तर भागीदार करावें, नाहीं तर निरोप द्यावा. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कचे वकील पॉल क्रॅव्हाथ यांनीं या रीतीस पद्धतशीर रूप दिलें. ओळखीपेक्षां गुणास मान, असा तिचा डौल होता.

अटलांटा शहरांतील किंग अँड स्पाल्डिंग या पेढींत १९७२ सालीं एलिझाबेथ हिशन या सहायक म्हणून रुजू झाल्या. काम समाधानकारक असल्यास पांचसहा वर्षांनीं भागीदारी ओघानेंच मिळेल, असें आश्वासन आपणांस मिळालें होतें, असें त्यांचें म्हणणें. १९७८ सालीं नकार आला, पुढच्या वर्षीं पुन्हा नकार आला, आणि १९७९ अखेर नोकरीही संपली. पन्नासांहून अधिक भागीदारांच्या या पेढींत तोंवर एकही स्त्री भागीदार झालेली नव्हती. हिशनबाईंनीं १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वयें दाद मागितली. भागीदाराच्या निवडीस हा कायदा लागू नाहीं, असें खालच्या दोन न्यायालयांनीं ठरविलें.

२२ मे १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हा निर्णय फिरविला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निवाड्याचा आशय असा: भागीदारीसाठीं विचार होण्याची संधि ही नोकरीच्या अटींपैकीं असेल, तर ती देतांना स्त्रीपुरुष असा भेद करतां येणार नाहीं. बाईंस भागीदार करा, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. त्यांची फिर्याद ऐकली पाहिजे, एवढेंच म्हटलें.

आमच्या मतें या निवाड्याचें मर्म स्त्रियांपुरतेंच नाहीं. ज्यानें आशा दाखवून दुसऱ्याचीं उमेदीचीं वर्षें घेतलीं, त्यानें ती फेडण्याची वेळ येतांच 'हें आमचें खासगी घर' म्हणून दार लावूं नये. भागीदारी हक्कानें मागतां येत नाहीं. निःपक्षपाती विचार मात्र मागतां येतो. आज आपल्याकडील कितीतरी मुली कायद्याचा अभ्यास करतात. पेढींत पाऊल टाकतांना वेतन किती, एवढेंच न विचारतां, वरचें दार कोणत्या कसोटीवर उघडतें, हेंही त्यांनीं विचारावें.