जाळे विणणारी घराणी

पेडणे महालातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर वसलेले आहे. समोरच्या काठावर बार्देशातील शिवोली, आणि थोडे पुढे मोरजीच्या टेंबाशी नदी समुद्राला मिळते. रामघाटाच्या बाजूस उगम पावून तिळारी या नावाने खाली येणारी ही नदी येथे भरतीबरोबर खारी होते आणि पावसाळ्यात पुन्हा गोडी होते. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून हा महाल १७८८ साली पोर्तुगिजांच्या हाती गेला, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबर मुक्त झाला. या घडामोडींची नोंद दप्तरांत सापडते. परंतु याच काळात नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या जो एक उद्योग चालत आला, त्याची नोंद कोणी ठेवली नाही. तो उद्योग म्हणजे जाळे विणण्याचा.

हा उद्योग मानवाच्या अतिप्राचीन उद्योगांपैकी एक होय. १९१३ साली त्या वेळच्या फिनलंडमधील अँट्रिया येथे दलदलीत एक जाळे सापडले. वाळुंजाच्या अंतर्सालीच्या दोरीचे हे जाळे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याला तरंगण्यासाठी झाडाच्या सालीचे तुकडे आणि बुडण्यासाठी दगड बांधलेले होते. वर तरंगणारे काही, खाली ओढणारे काही, आणि मध्ये गाठींचे अंग, ही रचना पेडण्याच्या गाबितांच्या जाळ्यातही तीच आहे.

जुन्या पद्धतीत जाळ्याचा आरंभ धाग्यापासून होई. ताग किंवा कापूस यांचे सूत पिळून दोरा करावयाचा, तो लाकडी किंवा बांबूच्या सुईवर भरावयाचा, आणि बांबूच्या पट्टीभोवती एकेक फास घेऊन गाठ मारीत जावयाचे. पट्टी जेवढी रुंद, तेवढा जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचे एकेक भोक. शेवट्यासाठी एक आस, बांगड्यासाठी दुसरा, बारीक मासळीसाठी तिसरा. नदीत एकट्याने फेकावयाचे पाग शेंड्यापासून विणीत आणावे लागते. फेर वाढेल तसतसे फास वाढवावे लागतात, आणि शेवटी घेराला शिशाच्या गोळ्या ओवावयाच्या असतात. फास वाढविण्याचा हिशेब चुकला, तर पाग पाण्यावर वर्तुळाकार पसरत नाही. हा हिशेब कोठे लिहिलेला नव्हता. तो वडीलधाऱ्यांच्या हाताकडे पाहत मुलांच्या हातात उतरे.

पावसाळ्यात दर्या बंद असे. नारळी पौर्णिमेपर्यंतचे ते दिवस विणण्याचे आणि सांधण्याचे. जाळे तयार झाले तरी काम संपत नसे. सुताचे जाळे पाण्याने कुजते. म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात ते बुडवून काढावयाचे, वाळवावयाचे, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करावयाचे. या कामाला घरातील म्हातारी माणसे, बायका, मुले सर्वच लागत. किनाऱ्यावरची रापण ओढण्यास तर सारा वाडा जमे, आणि मासळीच्या वाटणीत होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्या हातांचा असे वेगवेगळे वाटे धरले जात. जाळे ही घराची मिळकत होती, आणि जाळे विणता येणे हे त्या मिळकतीचे भांडवल होते.

यंत्राने गाठ मारण्याची कला युरोपात फार पूर्वीच साधली होती. स्कॉटलंडमधील मसलबरो येथे जेम्स पॅटरसन याने १८२० च्या सुमारास जाळी विणण्याचा कारखाना काढला. तरीही कोकणच्या किनाऱ्यावर हाताची सुई चालू राहिली. तिला खरा धक्का दिला तो नायलॉनने. १९३५ साली अमेरिकेत शोध लागलेला हा धागा कुजत नाही, त्याला सालीचा काढा लागत नाही, भिजल्यावर तो जड होत नाही. परंतु तो गुळगुळीत असल्याने त्याची साधी गाठ सरकते. गाठ घट्ट बसण्यासाठी ती यंत्राने आवळून उष्णता द्यावी लागते, आणि ते घरच्या ओसरीवर सहज होण्यासारखे नव्हते. घरातून जाळे बाहेर पडले ते येथे.

ते गेले तेही एका मराठी घराण्याकडे. तासगाव येथे १९०३ साली जन्मलेले भालचंद्र दिगंबर तथा आबासाहेब गरवारे यांनी जुन्या मोटारींच्या व्यापारापासून आरंभ करून प्लास्टिक व नायलॉनच्या धंद्यात पाय रोवला. १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स ही दोर आणि जाळी करणारी कंपनी स्थापन झाली. तिची धुरा पुढे पुत्र रमेश आणि नातू वायू यांच्याकडे आली. २०१८ पासून ती गरवारे टेक्निकल फायबर्स या नावाने ओळखली जाते. वाई आणि पुण्याच्या कारखान्यांत तयार होणारी जाळी परदेशांतील सामन माशांच्या पिंजऱ्यांपर्यंत पोचली आहेत. येथेही उद्योग बापाकडून मुलाकडे आला. मात्र जाळे करणारा आणि जाळे टाकणारा यांची ताटातूट झाली.

या ताटातुटीचे मोल दोन्ही बाजूंनी मोजले पाहिजे. नायलॉनमुळे कष्ट हलके झाले आणि जाळे अधिक टिकू लागले, यात संशय नाही. पण सुताचे हरवलेले जाळे कुजून जाई. नायलॉनचे हरवलेले जाळे समुद्रात वर्षानुवर्षे मासे व कासवे अडकवीत राहते. मोरजीच्या वाळूत अंडी घालावयास येणाऱ्या कासवांनाही हा धोका आहे. शिवाय मुक्तीनंतर गोव्यात ट्रॉलर आले, आणि १९७० नंतरच्या दशकात रापणकारांना आपल्या किनाऱ्यासाठी लढा उभारावा लागला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. त्याखालील नियमांनी किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद केला, आणि आसाचे किमान माप ठरविले: कोळंबीसाठी २० मिलिमीटर, माशांसाठी २४ मिलिमीटर.

हे माप पूर्वी घरातल्या बांबूच्या पट्टीवर होते. लहान मासा सुटून जावा, म्हणजे पुढल्या वर्षी तो मोठा होऊन येईल, हा विचार सर्वच घरांनी नेहमी पाळला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पट्टी ज्याच्या हातात होती, त्यालाच पुढल्या वर्षीही त्याच नदीवर पोट भरावयाचे होते. एवढा बंध त्या पट्टीला होता. आज ते माप कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी सरकारी माणूस लागतो.

विणकाम घरातून गेले तरी सांधकाम गेलेले नाही. खडकावर फाटलेले जाळे दुरुस्तीसाठी कारखान्याकडे परत पाठविता येत नाही. ते किनाऱ्यावर बसून, सुई हातात घेऊन, जुन्याच गाठीने सांधावे लागते. जोवर ती सुई चालविणारे हात आहेत, तोवर जाळ्याची विद्या पुरती बुडाली असे म्हणता येणार नाही. पुढच्या पिढीला ती मिळावयाची असेल, तर नव्या हातांना त्या हातांशेजारी बसावे लागेल. ती पुस्तकात कधीच नव्हती.