मेत्सू, ब्रूनो

मेत्सू, ब्रूनो : (२८ जानेवारी १९५४ – १५ ऑक्टोबर २०१३). फ्रेंच फुटबॉलपटू व प्रशिक्षक. २००२ च्या विश्वचषकात सेनेगलने जगज्जेत्या फ्रान्सला पाणी पाजले, त्या सेनेगलचे प्रशिक्षक म्हणून मेत्सू जगाला माहीत आहेत. सेनेगलमध्ये मात्र ते जेमतेम दोन वर्षे होते. पुढची दहा वर्षे त्यांनी अरब आखातात काढली. अमिरातीतील अल ऐन व अल वस्ल, कतारमधील अल घराफा आणि सौदी अरेबियातील अल इत्तिहाद हे क्लब, तसेच संयुक्त अरब अमिराती व कतार यांचे राष्ट्रीय संघ त्यांनी सांभाळले. अमिरातीच्या एखाद्या क्लबला मिळालेले पहिले आशियाई विजेतेपद आणि अमिरातीने जिंकलेला पहिला गल्फ कप, दोन्ही त्यांच्याच काळातले. त्यांच्या कामाचे मोजमाप करायचे तर ते आखातातल्या या दशकावरूनच करायला हवे. युरोपीय वृत्तपत्रांनी मृत्युलेखांत हे दशक दोन-चार ओळींत उरकले, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, डंकर्क बंदराजवळच्या कूदकेर्क गावात त्यांचा जन्म झाला. ते मधल्या फळीत खेळत. तरुणपणी बेल्जियमच्या अँडरलेख्टकडे काही काळ राहून ते फ्रान्सला परतले आणि व्हॅलेन्सिएन, लील, नीस अशा क्लबांकडून खेळले. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे दार त्यांच्यासाठी कधी उघडले नाही. बोव्हे या छोट्या क्लबमध्ये खेळाडू म्हणून कारकीर्द संपली आणि तिथेच १९८७ मध्ये प्रशिक्षकपदाची सुरुवात झाली. लील, व्हॅलेन्सिएन, सेदाँ, व्हॅलन्स असे क्लब पुढे झाले, पण कुठे फारसे बस्तान बसले नाही. २००० मध्ये ते गिनीच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्याच वर्षी सेनेगलकडे.

सेनेगलच्या पर्वाचा अरब जगाशी असलेला धागा सहसा नजरेआड होतो. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सेनेगलच्या गटात मोरोक्को, इजिप्त आणि अल्जीरिया हे तीन बलाढ्य अरब संघ होते. मोरोक्को आणि सेनेगलचे गुण सारखे झाले आणि गोलफरकावर सेनेगल पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला. फेब्रुवारी २००२ मध्ये आफ्रिकी चषकाच्या अंतिम सामन्यात तो कॅमेरूनकडून पेनल्टींवर हरला. ३१ मे रोजी सोलमध्ये विश्वचषकाचा पहिलाच सामना होता. भारतात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. पापा बूबा जोपच्या एकमेव गोलने फ्रान्स हरला. सेनेगलच्या तेवीस खेळाडूंपैकी एकवीस जण फ्रान्समधल्या क्लबांत खेळणारे होते. त्यांच्या प्रशिक्षकाला त्याच फ्रान्समध्ये मोठ्या क्लबने कधी दीर्घकाळ थारा दिला नव्हता. पुढे स्वीडनला नमवून सेनेगल उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि तुर्कस्तानच्या सोनेरी गोलने बाहेर पडला. याच सुमारास मेत्सूंनी इस्लामचा स्वीकार करून अब्दुल करीम हे नाव घेतले. त्यांची पत्नी सेनेगाली होती.

विश्वचषकानंतर काही आठवड्यांतच ते अल ऐनला आले. अबू धाबी अमिरातीतले हे ओॲसिसचे शहर ओमानच्या सीमेला अगदी लागून आहे. पलीकडे ओमानचे बुरैमी. दुबई-अबू धाबीच्या झगमगाटापासून ते दूर असले, तरी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या क्लबमागे अबू धाबीच्या राजघराण्याचे बळ होते. आखाताला परदेशी प्रशिक्षकांचे अप्रूप नव्हते. कार्लोस आल्बेर्तो परेरांनी १९८२ मध्ये कुवेतला विश्वचषकात नेले होते. मारिओ झागालोंनी अमिरातीला १९९० च्या विश्वचषकाची पात्रता मिळवून दिली आणि स्पर्धा सुरू होण्याआधीच त्यांना नारळ मिळाला. मेत्सू आले ते या अशा बाजारात. पैसा भरपूर, सोयी उत्तम. पण दोन-तीन सामने हातचे गेले की गच्छंती. मैदानावर दुभाष्या सोबत घेऊन शिकवायचे, उकाड्यामुळे सराव दिवस मावळल्यावर घ्यायचा आणि मालकांचा कल सांभाळायचा, हे सगळे त्या नोकरीतच येई.

त्याच मोसमात आशियाई फुटबॉल महासंघाने जुनी क्लब स्पर्धा आणि चषकविजेत्यांची स्पर्धा एकत्र करून चॅम्पियन्स लीग सुरू केली होती. मार्च २००३ मधल्या गटसाखळीत अल ऐनसमोर सौदीचा अल हिलाल, कतारचा अल साद आणि इराणचा इस्तेघलाल असे तीन मुरब्बी संघ होते. गट अल ऐनने जिंकला. एप्रिलमध्ये चीनच्या दालियान शिडेविरुद्धची उपान्त्य लढत पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लावणारी ठरली : घरच्या मैदानावर ४–२ असा विजय, परतीच्या सामन्यात ३–४ असा पराभव, आणि एकूण ७–६ अशा फरकाने अल ऐन अंतिम फेरीत. सात गोल करून सहा खाणारा संघ शिस्तीच्या पोथीत बसत नाही. मेत्सूंच्या फुटबॉलचा पिंड मात्र असाच होता. खेळाडूला मोकळे सोडले तर तो चुका करील, पण मोक्याच्या वेळी स्वतःहून पुढाकारही घेईल, हा त्यांचा भरवसा होता.

अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी होता थायलंडचा बीईसी टेरो सासाना. हे नाव भारतीय फुटबॉलप्रेमींच्या ओळखीचे. उपान्त्य आणि अंतिम सामन्यांच्या मधल्या काळात, जुलै २००३ मध्ये, सुभाष भौमिक यांच्या ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच टेरो सासानाला ३–१ ने हरवले होते आणि त्यातला एक गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा होता. आशियाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या संघाला भारतीय क्लबने नमवल्याचे हे उदाहरण आपल्याकडे जेवढे आठवले जावे तेवढे जात नाही. ३ ऑक्टोबरला अल ऐनमध्ये पहिला सामना झाला. सालेम जौहर आणि मोहम्मद उमर यांच्या गोलांनी यजमान २–० ने जिंकले. ११ ऑक्टोबरला बँकॉकच्या राजमंगला मैदानावर थेर्डसाक चायमनने पेनल्टीवर गोल केला. आता एकूण फरक एकाच गोलाचा उरला होता आणि तिथून आणखी एक गोल थायलंडच्या संघाला बरोबरीत आणणार होता. उपान्त्य फेरीत सहा गोल खाल्लेल्या बचावाने या वेळी दाद दिली नाही. २–१ च्या एकूण फरकाने अल ऐन आशियाचा विजेता झाला. २००२–०३ आणि २००३–०४ अशी सलग दोन वर्षे अमिरातीची लीगही त्यांनी जिंकली.

२००४ मध्ये मेत्सू दोह्याच्या अल घराफाकडे गेले. कतारमध्ये तेव्हा सरकारी पाठबळावर युरोपातल्या उतरत्या वयाच्या नामांकितांना आणण्याची लाट आली होती. बातिस्तुता अल अरबीकडे, पेप ग्वार्डिओला अल अहलीकडे खेळत होते. घराफाकडे फ्रान्सचा मार्सेल देसाई होता. सोलमध्ये सेनेगलकडून हरलेल्या फ्रान्सचा कर्णधार हाच देसाई. ज्या प्रशिक्षकाने त्याला कारकिर्दीतला सर्वांत कडू पराभव चाखवला, त्याच्याच हाताखाली तो दोह्यात कर्णधार म्हणून खेळला आणि २००४–०५ ची कतार लीग दोघांनी मिळून जिंकली. पैशासाठी आलेले म्हातारे खेळाडू म्हणून या पिढीची पुष्कळ टिंगल झाली. घराफाने मात्र त्या वर्षी मन लावून फुटबॉल खेळला, आणि त्याचे श्रेय प्रशिक्षकाला द्यावेच लागते. मोठ्या नावांना मान राखून कामाला लावणे ही मेत्सूंची खरी हातोटी. डावपेचांची नवी शाळा त्यांनी काढली नाही. पुढे जेद्दाहच्या अल इत्तिहादकडचा मुक्काम थोडक्यात आटोपला.

२००६ मध्ये अमिरातीच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९७० पासून आखाती देश आपसात गल्फ कप खेळत आले आहेत. बाहेरच्यांना ही स्पर्धा किरकोळ वाटते. आखातात मात्र शेजाऱ्यावर मिळवलेल्या या विजयाचे मोल फार. कुवेतने ती वारंवार जिंकली होती. अमिरातीची पाटी तोवर कोरीच होती. जानेवारी २००७ ची स्पर्धा अबू धाबीत भरली आणि पहिल्याच सामन्यात यजमान ओमानकडून १–२ ने हरले. असा प्रारंभ झाला की आखातात प्रशिक्षकाच्या नावाने शंख सुरू होतो. मग येमेन आणि कुवेत यांच्यावर निसटते विजय मिळाले. उपान्त्य सामन्यात सौदी अरेबियाविरुद्ध गोलशून्य बरोबरी शेवटापर्यंत टिकली आणि अगदी अखेरच्या क्षणी इस्माईल मतरने गोल केला. ३० जानेवारीच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा ओमान, आणि पुन्हा मतरचाच एकमेव गोल. मतर हा २००३ च्या युवा विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, अंगाने लहान पण पायात जादू असलेला आघाडीपटू. मेत्सूंनी त्याला एका जागी बांधून ठेवले नाही, आणि स्पर्धेत सर्वाधिक पाच गोल त्याने केले. मधल्या फळीतला सुबैत खातर त्यांच्या ओळखीचा, अल ऐनच्या आशियाई विजयातला गडी होता. क्लबमध्ये जमलेली माणसे राष्ट्रीय संघातही कामी आली.

हे यश टिकले नाही. त्याच वर्षीच्या आशियाई चषकात अमिराती सहयजमान व्हिएतनामकडून हरून साखळीतच गारद झाली. सप्टेंबर २००८ मध्ये विश्वचषक पात्रतेच्या अखेरच्या टप्प्यात उत्तर कोरिया व सौदी अरेबिया यांच्याकडून पाठोपाठ पराभव झाले आणि मेत्सूंनी पद सोडले. त्यांचे सहायक, फ्रान्सचे माजी खेळाडू दोमिनिक बातने त्यांच्या जागी आले. मेत्सू थोड्याच दिवसांत शेजारच्या कतारच्या संघाकडे रुजू झाले. आखातात प्रशिक्षक असाच फिरतो. एका राजधानीत नाव खाली आले, तरी दुसरीत त्याला मागणी असते.

कतारलाही २०१० च्या विश्वचषकाची पात्रता मिळाली नाही, तरी मेत्सू टिकले. डिसेंबर २०१० मध्ये २०२२ च्या विश्वचषकाचे यजमानपद कतारला मिळाले, आणि अवघ्या महिन्याभरात घरच्या आशियाई चषकाला सुरुवात झाली. देशावर सगळ्या जगाचे डोळे असताना संघ मात्र अजून कच्चा. (याच स्पर्धेत बॉब हॉटन यांचा भारतीय संघ २७ वर्षांनी आशियाई चषक खेळत होता, गोव्याचे महेश गवळी आणि क्लायमॅक्स लॉरेन्स त्यात होते.) उद्घाटनाच्या सामन्यात उझबेकिस्तानने कतारला २–० ने हरवले. मग चीन आणि कुवेत यांना नमवून कतार उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला.

२१ जानेवारी २०११ चा जपानविरुद्धचा तो सामना मेत्सूंच्या आखाती कारकिर्दीतला सर्वांत चुटपुट लावणारा. मूळच्या उरुग्वेच्या सेबास्तियन सोरियाने कतारला आघाडी मिळवून दिली, शिंजी कागावाने बरोबरी साधली. तासाभराच्या खेळानंतर जपानच्या माया योशिदाला दुसरे पिवळे कार्ड मिळून तो बाहेर गेला आणि त्याच फ्री किकवर फाबियो सेझारने गोल केला. कतार २–१ ने पुढे, समोर दहाच माणसे, मैदान दोह्यातले. इथून सामना सुटायला नको होता. पण कागावाने पुन्हा बरोबरी केली आणि सामना संपता संपता मासाहिको इनोहाने विजयी गोल मारला. एक माणूस जास्त असताना चेंडू ताब्यात ठेवून वेळ काढायचा असतो; कतारचा संघ मागे सरकत गेला. उपान्त्यपूर्व फेरीतल्या या पराभवाचा दोष प्रशिक्षकाकडे जातोच. तरी हेही खरे की जपानने पुढे तो चषक जिंकला, आणि त्या स्पर्धेत त्यांना कतारइतके अडचणीत फार कोणी आणले नाही. काही आठवड्यांतच कतारने त्यांना निरोप दिला.

त्यानंतर ते पुन्हा काही काळ अल घराफाकडे होते. जुलै २०१२ मध्ये दुबईच्या अल वस्लने डिएगो मॅराडोनाला काढले आणि ती जागा मेत्सूंना देऊ केली. मॅराडोनाच्या वर्षभराच्या गाजावाजानंतर क्लबला स्थिर हात हवा होता. पण मोसम सुरू होतो न होतो तोच तपासणीत आतड्याचा कर्करोग निघाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काम सोडावे लागले. वर्षभर उपचार घेऊन, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, डंकर्कजवळ आपल्या गावाकडे त्यांचे निधन झाले. सेनेगलचे जुने खेळाडू अंत्यविधीला फ्रान्समध्ये जमले. दफन डाकारमध्ये झाले.

आखातातली त्यांची कमाई ठोस आहे : तीन लीग विजेतेपदे, एक आशियाई विजेतेपद क्लबसाठी, एक गल्फ कप देशासाठी. अमिरातीच्या लीगने २००८ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक रूप घेतले. मेत्सूंचे अल ऐन त्याच्या पाच वर्षे आधीच आशियात पहिले आले होते. अमिरातीने दुसरा गल्फ कप २०१३ मध्ये जिंकला, तो महदी अली या स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली. अल ऐनने २००५ आणि २०१६ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली, पण दोन्ही वेळा ते हरले. दुसरे आशियाई विजेतेपद त्यांना मिळाले ते २०२४ मध्ये, योकोहामा एफ. मरिनोसला हरवून, प्रशिक्षक होते अर्जेंटिनाचे माजी आघाडीपटू हेर्नान क्रेस्पो.